हिंग स्वल्प जास्त झालाय

बसवनगुडीत, गांधीबाजाराच्या मागच्या गल्लीत, एखादा पदार्थ कमलाक्कांच्या हातचा आहे म्हटलं की लोक पुढचा प्रश्न विचारत नसत. हा मान त्यांना कुणी शाल-नारळ देऊन दिला नव्हता, पन्नास वर्षं चुलीपुढे उभं राहून तो त्यांनी कमावला होता. गल्लीतली ही मराठी घरं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी कुणी फौजेच्या मागून, कुणी पोथ्यांची गाठोडी बांधून इकडे आलेली. दारात कन्नड, घरात कन्नडमिश्रित मराठी, आणि स्वयंपाकघरात मडी. मडी म्हणजे आपलं सोवळंच, फक्त थोडं जास्त तिखट. कांदा-लसूण उंबऱ्याच्या आत यायचा नाही. देवाला नैवेद्य दाखवल्याखेरीज स्वयंपाकातलं काही चाखायचं नाही. आणि घरात श्राद्ध असेल तर ज्या बाईच्या हाताची खात्री आहे तिलाच स्वयंपाकाला बोलवायचं, कारण तिथे चूक झाली तर रुसतात ते पितर, आणि पितरांची समजूत काढायला जाणार कोण?

त्या गल्लीत अशी खात्रीची बाई एकच उरली होती. बाकीच्यांच्या सुना व्हाइटफील्डच्या ऑफिसांच्या कॅबमध्ये बसून सकाळी आठलाच निघून जायच्या. मग श्राद्ध आलं की कमलाक्कांकडे निरोप यायचा. वय एकोणसत्तर, गुडघे कुरकुरायचे, पण पहाटे ओलेत्याने स्वयंपाकाला उभ्या राहिल्या की दुपारपर्यंत खाली बसणं नाही. मीठ त्या डोळ्यांनी मोजायच्या. सारू, म्हणजे सार, झालं की नाही हे फेसाच्या रंगावरून ओळखायच्या. उभ्या आयुष्यात त्यांनी उकळत्या पातेल्यातला थेंब जिभेवर ठेवला नव्हता, आणि परक्या चुलीवरचा घासही तोंडात घातला नव्हता. लसणाचा वास त्यांना बाजारातून जाता-येता दुरून माहीत होता. चव कशी असते, ते मात्र माहीत नव्हतं.

अशा बाईने केचप करावं, हा योग मुलाने आणला. गुरुदत्त तेव्हा आठ वर्षांचा होता. वर्गातल्या कुणाच्या वाढदिवसाला गेला आणि लाल सॉस चाटून घरी आला तो तसलाच हवा म्हणून जमिनीवर लोळायला लागला. वडिलांनी, म्हणजे वादिराजांनी, दुकानातली बाटली उचलून भिंगातून लेबल वाचलं. कांदा, लसूण. "झालं, विषय संपला," असं म्हणून त्यांनी पेपर उघडला. वादिराज बँकेत होते आणि विषय संपवण्यात त्यांचा हातखंडा होता.

कमलाक्कांचा विषय संपला नाही. त्यांनी बाजारातून रसरशीत आंबट नाटी, म्हणजे गावठी, टोमॅटो आणले, त्यात गर वाढावा म्हणून थोडे लांबोडके घातले, उकडले आणि पुरणाच्या चाळणीतून गाळले. चाळणीतून, कारण मिक्सरला बिया वाटल्या जातात आणि कडवटपणा येतो. रंगाला ब्याडगी मिरची भिजवून वाटली. लवंग, दालचिनी, मिरे यांची पुरचुंडी बांधून रसात सोडली. निम्मी साखर, निम्मा गूळ. शिरका आंबवलेला म्हणून तो नको, त्याऐवजी शेवटी लिंबू पिळलं. आणि कांदा-लसणाची जागा भरायला हिंग. झालं की नाही हे बघायला थेंब ताटलीवर टाकायचा. भोवती पाण्याचं कडं सुटलं तर अजून आटवायचं, नाही सुटलं तर उतरवायचं. चाखायचं नाहीच. पहिल्या दोन खेपा फसल्या, तिसरी जमली. गुरुदत्तने तेव्हा बाटलीत बोट घालून घालून ती दोन दिवसांत संपवली. नंतर गल्लीतली सगळी पोरं त्या केचपवर वाढली, आणि त्यांच्या आया म्हणायच्या, कमलाक्कांचं आहे ना, मग खा.

तो गुरुदत्त आता बेचाळीस वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी त्याने नोकरी सोडली आणि एचएसआर लेआउटमधल्या एका काचेच्या खोलीत कंपनी काढली. भागीदार वेदांत, पुण्याचा पोरगा, बोलायला गोड. कंपनीचं नाव 'कमलाक्का'. माल एकच, कांदा-लसूण नसलेलं केचप. बाटलीवर खुद्द कमलाक्का, नऊवारीत, कपाळावर ठसठशीत कुंकू, नाकात चमकी, हातात टोमॅटो, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'कांदा नाही, लसूण नाही'. फोटो काढताना त्यांना हसायला सांगितलं होतं. हसण्याजोगं काय आहे ते त्यांना कळलं नव्हतं, पण मुलाला बरं वाटावं म्हणून हसल्या.

माल आनेकलच्या एका लहान कारखान्यात व्हायचा. कृती कमलाक्कांनी दिली. लिंबाऐवजी लिंबाचं फूल, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, घालावं लागेल, नाहीतर टिकणार नाही, असं वेदांत म्हणाला. त्यांनी दोन दिवस विचार करून हो म्हटलं. मग एका शनिवारी दोघं जण पहिली बाटली घेऊन घरी आले.

"काकू, फक्त एक टेस्ट. तुम्ही ओके म्हणालात की प्रॉडक्शन सुरू," वेदांत म्हणाला. त्यांना या शहरात काकू म्हणणारा हा एकटाच.

"मी कशी चाखू? मी चाखत नाही रे काही. ताटलीत थेंब टाक, मी बघून सांगते."

"अम्मा, बघून नाही चालत," गुरुदत्त म्हणाला. "तू चाखायलाच हवंस. माझ्यासाठी."

माझ्यासाठी. हा शब्द मुलांना बरोबर वेळेला सुचतो. कमलाक्कांनी पुन्हा आंघोळ केली, देवापुढे दोन मिनिटं उभ्या राहिल्या, आणि परक्या भट्टीवर शिजलेली ती लाल वस्तू चमचाभर तळहातावर घेऊन जिभेला लावली. एकोणसत्तर वर्षांत पहिल्यांदा. जरा वेळ तोंड हलवलं. आणखी एक चमचा घेतला. मग प्रामाणिकपणे म्हणाल्या, "चांगलं आहे. हिंग स्वल्प जास्त झालाय."

गुरुदत्तने वेदांतकडे पाहिलं, वेदांतने गुरुदत्तकडे. "सरी, ठीक आहे, हिंग कमी करतो," गुरुदत्त म्हणाला. आईच्या जिभेचं कौतुक वाटलं असेल, असं कमलाक्कांना वाटलं.

त्याच दिवशी फोनवर त्यांचा व्हिडिओ काढला. एकदा मराठीत, एकदा कन्नडमध्ये. "मी कमलाक्का. मी स्वतः चाखलंय. यात कांदा नाही, लसूण नाही. माझ्या घरचंच समजा आणि निर्धास्त खा." व्हिडिओ बघता बघता सगळीकडे गेला. उडुपीपासून धारवाडपर्यंतच्या नातेवाइकांचे फोन आले. मंदिरात अनोळखी बायका थांबवून विचारायच्या, तुम्हीच ना त्या? वादिराजसुद्धा पेपर खाली ठेवून म्हणाले, नाव काढलंस. त्यानंतरचे चार महिने कमलाक्का सुखात होत्या, हे खरं आहे, आणि पुढे त्यांना सगळ्यांत जास्त बोचलं ते हेच सुख.

घरी केचप करणं त्यांनी बंद केलं. तेच कारखान्यात होतंय, मग कशाला चाळणीशी झटापट? उलट पहिल्या खोक्यातली एक बाटली त्या स्वतः पाच घरं टाकून राहणाऱ्या भीमाचार्यांना देऊन आल्या. आचार्य त्र्याऐंशी वर्षांचे, जन्मभर शास्त्र शिकवलेले. गल्लीत कुणाला काय चालतं आणि काय नाही याचा शेवटचा शब्द त्यांचा. अलीकडे त्यांचं अन्नावरचं मन उडालं होतं. दोन घासांवर तिसरा जात नव्हता.

"बाहेरचं आहे ना हे?" त्यांनी बाटली लांब धरून विचारलं.

"माझ्या कृतीचं आहे, आचार्य. मी चाखलंय. काही नाही त्यात."

"तू म्हणतेस ना? मग झालं."

पंधरा दिवसांनी आचार्यांची सून सुप्रीता धावत सांगायला आली, की मामंजी आता डोशाबरोबर, पोळीबरोबर, भाताबरोबरसुद्धा ते मागतात आणि पोटभर जेवतात. कमलाक्का दर महिन्याला एक बाटली नेमाने पोचवू लागल्या.

दसऱ्याच्या सुट्टीत नात घरी आली. गुरुदत्तची मुलगी संहिता, मंगळूरला हॉस्टेलवर राहून शिकणारी. अज्जीचं आणि तिचं गूळपीठ लहानपणापासूनचं. दुपारी घरात दोघीच होत्या. कमलाक्कांनी तिला गरम अक्की रोटी, म्हणजे तांदळाची भाकरी, वाढली आणि शेजारी बाटलीतलं केचप घातलं. संहिताने पहिला घास घेतला आणि थांबली. दुसरा घेतला.

"अज्जी, यात लसूण आहे."

"वेडी का काय! हिंग आहे तो. मी सांगितलं होतं कमी करायला."

"हिंग नाही अज्जी. लसूणच आहे, पावडर असते ती."

"तुला काय ठाऊक लसणाची चव?"

संहिताचा घास हातातच राहिला. प्रश्न त्यांनी सहज विचारला होता, पण तो हवेत राहिला आणि त्याचं उत्तर पोरीच्या तोंडावर उमटलं. डोळे भरून आले तिचे. "हॉस्टेलमध्ये सगळ्यातच असतं अज्जी. पहिल्या वर्षी नुसता दहीभात खाल्ला मी. मग नाही जमलं."

कमलाक्का नातीवर रागावल्या नाहीत. त्यांना तिची कीव आली. खोटं बोलली असती तर सुटली असती, पण अज्जीला सावध करण्यासाठी पोरीने स्वतःचंच गुपित उघडं केलं होतं. "जेव तू," त्या म्हणाल्या, आणि उठून मागच्या नळावर गेल्या. चुळा भरल्या. दहा, वीस, मोजल्याच नाहीत. चार महिन्यांपूर्वीचे ते दोन चमचे आता चुळांनी थोडेच निघणार होते? पण हात थांबत नव्हता.

संध्याकाळी गुरुदत्त आला, त्याची बायको क्षमा ऑफिसातून आली. सगळी जेवायला बसली. वादिराज आणि संहिता जेवून उठेपर्यंत कमलाक्का वाढत राहिल्या. मग विचारलं, "गुरू, कारखान्यात लसूण घालता?"

"कोण म्हणालं?"

"मी विचारतेय."

गुरुदत्तने एकदा नकार द्यायची तयारी केली, ती त्याच्या मानेवर दिसली. मग ती सोडून दिली. "अम्मा, स्वल्प ऐक. चिमूटभर पावडर. तुझ्या कृतीचं आम्ही आधी पन्नास जणांना दिलं. सगळे म्हणाले, काहीतरी कमी आहे. लोकांच्या जिभेला सवय झालीय त्याची."

"मग बाटलीवर लिही तसं."

"लिहिलंय की. मागे 'मसाले' म्हणून लिहिलंय. लसूण काय, मसालाच."

"आणि पुढे मोठ्या अक्षरांत लिहिलंयस ते? माझ्या फोटोखाली?"

गुरुदत्त ताटात रेघा ओढत राहिला. क्षमा मान वर करत नव्हती. तिलाही ठाऊक होतं, एवढं त्या मानेवरून कळलं.

"एक सांग मला," कमलाक्कांचा आवाज चढला नव्हता, बसला होता. "घालायचंच होतं तर मला का चाखायला लावलंस?"

तो आईकडे न बघता बोलला. "वेदांत म्हणाला, ज्यांनी जन्मात खाल्लं नाही त्यांना कळतं का बघू. तुला कळलं नाही, तर आपल्या लोकांत कुणालाच कळणार नाही. तू म्हणालीस, हिंग जास्त झालाय. मग आम्ही सुरू केलं."

म्हणजे मान म्हणून नव्हतं विचारलं. आईची संमतीही नको होती. तिचं अडाणीपण तपासायचं होतं, आणि ती त्या परीक्षेत पास झाली होती. जे तोंड तिने एवढी वर्षं राखलं ते पोटच्या पोराने आपला माल खपतो का हे बघायला बाटवलं, आणि वर त्याच तोंडून गावाला ग्वाही द्यायला लावली. कुंपणानेच शेत खाल्लं तर दाद कुणाकडे मागायची? कमलाक्कांना त्या क्षणी मुलगा नकोसा वाटला. असं वाटू शकतं हेच त्यांना माहीत नव्हतं.

"बंद कर. आणि तो व्हिडिओ काढून टाक."

"काढला तरी लोकांच्या फोनमध्ये आहेच अम्मा. आणि तू सांगत सुटलीस तर लोक मला नाही विचारणार. विचारतील, त्यात बोलतंय कोण?"

ते खरं होतं. बोलणाऱ्या त्याच होत्या. फसलेला माणूस खोटं बोलत नसतो, पण बाटलीमागून ते कुणाला दिसणार?

दोन दिवस कमलाक्कांनी अन्न घेतलं नाही. एकादशी लागून आली होती, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. जगाला सांगत फिरायचं बळ त्यांच्यात नव्हतं. मुलाला चव्हाट्यावर उभं करायचं मन होत नव्हतं, आणि कसं कळलं विचारलं तर नातीचं नाव निघणार होतं. पण एका माणसाला सांगणं भाग होतं. ज्याच्या हातात त्यांनी स्वतः बाटली ठेवली होती, जो केवळ त्यांच्या शब्दावर जेवत होता, त्या म्हाताऱ्याला. आचार्य प्रायश्चित्त सांगतील, रागावतील, कदाचित उंबरा बंद करतील. करू देत. निदान एका ठिकाणी तरी आपला शब्द आपण साफ करून येऊ, असं म्हणून त्या तिसऱ्या दिवशी सकाळी निघाल्या.

आचार्य माडीवरच्या खोलीत एकटे होते. जवळच स्टुलावर बाटली होती, निम्मी झालेली. तब्येत सुधारली होती, गालांवर चकाकी होती. कमलाक्कांनी नमस्कार केला आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं. संहिताचं नाव तेवढं गाळलं. "माझ्यामुळे तुमच्या पोटात गेलं, आचार्य. मला कळलं नाही. मला हिंग वाटला."

आचार्यांनी आधी दाराकडे पाहिलं. "दार लोट जरा," ते म्हणाले. मग हलक्या आवाजात, "मला कळलं होतं."

"काय?"

"पहिल्याच दिवशी. वयाच्या बाविसाव्या वर्षी सोलापूरला होतो, दोन वर्षं मेसमध्ये जेवलो. इथे कुणाला ठाऊक नाही. ती चव विसरत नाही माणूस."

कमलाक्कांना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "मग तुम्ही खाल्लंत कसं?"

"तू 'काही नाही त्यात' म्हणालीस ना." म्हातारा अगदी सरळपणे बोलत होता, कोडं सोडवून दाखवावं तसा. "तुझ्या शब्दावर खाल्लं तर माझ्याकडे दोष येत नाही. मी काही विचारलं नाही, तू काही लपवलं नाहीस. चाललं होतं. तुला कुणी सांगितलं हे आता?"

"आचार्य, गल्लीला सांगायला नको? किती घरांत जातं ते."

"आणि काय सांगशील? झाकली मूठ सव्वा लाखाची, कमला. तुझं अजाणता झालं, तुला पाप नाही. घरी जा, स्वस्थ राहा." त्या वळल्या तसा म्हातारा मागून म्हणाला, "बाटली राहू दे ती. एवढ्यानेच जेवण जातं."

जिन्यावर कमलाक्का कठड्याला धरून थांबल्या. मुलाला त्यांची जीभ हवी होती, कारण तिला काही कळत नव्हतं. आचार्यांना त्यांचा शब्द हवा होता, कारण त्याआड बसून खाता येत होतं. साऱ्या गल्लीने पन्नास वर्षं ज्याला विश्वास म्हटलं त्यात असे किती जण आपापलं ताट घेऊन बसले असतील, कुणास ठाऊक. कदाचित लसणाची चव न ओळखणाऱ्या या रस्त्यावर त्या एकट्याच होत्या. सोवळं त्यांनी पाळलं आणि सोय इतरांची झाली.

खाली ओसरीवर सुप्रीता तांदूळ निवडत होती. "बरं झालं अक्का, मीच येणार होते. येत्या गुरुवारी अत्तेंचं श्राद्ध. पहाटे चारला या. दरवर्षीसारखं सगळं तुमच्यावर."

"मी नाही येणार, सुप्रीता."

"अय्यो, असं काय? बरं नाही का?"

"बरी आहे."

"मग? दुसरीकडे सांगितलंय कुणी?"

"नाही. या वर्षी नाही, पुढेही नाही. कुणी दुसरं बघ."

सुप्रीताचे हात थांबले. तिला कारण हवं होतं आणि तो तिचा हक्क होता. नऊ वर्षं कमलाक्का तिच्या अत्तेंच्या, म्हणजे सासूच्या, श्राद्धाचा स्वयंपाक करत होत्या. माझ्या शब्दावर मीच आता विश्वास ठेवत नाही, तर तुझ्या सासूच्या पिंडाला तो शब्द कसा देऊ, हे तिला सांगायला हवं होतं. पण तो धागा ओढला की मागून एकेक जण बाहेर आला असता. मुलगा आला असता, सून आली असती, नात आली असती, आणि माडीवर बसलेला हा घरचा वडीलधाराही. कमलाक्का चपला शोधत राहिल्या.

सुप्रीताने तांदळाचं ताट बाजूला सारलं. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला, आणि तिला जे समजायचं होतं ते तिने समजून घेतलं.

"सरी अक्का," ती म्हणाली. "बाटलीवर फोटो आला, गावभर नाव झालं. आता आमच्या चुलीपुढे राबायला तुम्हाला कसं परवडेल? मोठी माणसं तुम्ही."

कमलाक्कांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्या "हो" म्हणाल्या, आणि पायरी उतरल्या.